जॉन डिकिन्सनविषयी मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांविषयी तू मनापासून लिहिले आहेस आणि ते मला आवडलेही. परंतु ज्यांनी सही केली नाही ते एक तर भित्रे असावेत किंवा आतून राजनिष्ठ, हे तुझे वाक्य मला काही केल्या मान्य करता येत नाही. ते वाक्य वाचताच मला जॉन डिकिन्सन आठवला. फिलाडेल्फियाचा हा वकील १७७६ पूर्वीच्या दहा वर्षांत वसाहतींच्या बाजूचा सर्वांत मोठा लेखक होता आणि जाहीरनाम्यावर त्याची सही नाही. त्याच्या लेखनाचा आणि त्याच्या नकाराचा उगम एकच आहे, असे माझे मत आहे, आणि ते मत मी तुझ्यापुढे पुराव्यानिशी मांडतो. तूही वकील आहेस, तेव्हा उलटतपासणी करण्याचा हक्क तुला आहेच.

त्याचा जन्म १७३२ साली मेरीलँडमधल्या टॅल्बट परगण्यात झाला. वडील सॅम्युएल क्वेकर पंथाचे श्रीमंत जमीनदार होते. घरची शेती तंबाखूची होती आणि त्या शेतीत राबणारी माणसे गुलाम होती. ही गोष्ट आताच लिहून ठेवतो, कारण पुढे तिच्याकडे परत यावे लागणार आहे. कुटुंब नंतर डेलावेअरमध्ये डोव्हर गावाजवळ राहायला आले. जॉनने फिलाडेल्फियात जॉन मोलंड या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १७५३ च्या अखेरीस तो बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी लंडनच्या मिडल टेंपलकडे निघाला. तिथून त्याने आईवडिलांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांत बसून मोठमोठ्या वकिलांचे युक्तिवाद ऐकणारा हा विशीतला मुलगा इंग्लंडच्या राज्यघटनेवर लुब्ध झालेला दिसतो, आणि त्याच वेळी निवडणुकांत चाललेली लाचखोरी पाहून त्याला धक्का बसलेला दिसतो. लाच चालत नाही असा एकही मतदारसंघ इंग्लंडात नसावा, असे तो वडिलांना कळवतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. कायदा श्रेष्ठ आहे, पण तो ज्यांच्या हाती आहे ती माणसे विकाऊ आहेत, हे दोन्ही एकाच वेळी मनात घेऊन तो १७५७ साली परतला, आणि पुढचे सगळे आयुष्य त्याने या दोन जाणिवांच्या ओढाताणीत काढले.

वकिली लवकरच उत्तम चालली. १७६० साली तो डेलावेअरच्या विधिमंडळाचा सभापती झाला, १७६२ साली पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात निवडून आला. त्याचा पहिला मोठा सामना झाला तो मात्र इंग्लंडशी नव्हे, बेंजामिन फ्रँकलिनशी. पेनसिल्व्हेनिया ही पेन घराण्याच्या मालकीची वसाहत होती आणि हे मालक स्वतःच्या जमिनींवर कर भरायला कां-कूं करत. फ्रँकलिन आणि जोसेफ गॅलोवे यांनी १७६४ मध्ये ठरवले की पेन घराण्याचा अधिकार काढून वसाहत थेट राजाच्या हाती द्यावी. पेन घराण्याविषयी डिकिन्सनला काही प्रेम नव्हते. तरीही तो विधिमंडळात उभा राहिला आणि त्याने विचारले की विल्यम पेनने दिलेल्या १७०१ च्या सनदेत धर्मस्वातंत्र्यापासून विधिमंडळाच्या हक्कांपर्यंत जे काही आपल्याला मिळाले आहे, ते राजाकडे गेल्यावर टिकेल याची हमी कोणी दिली आहे? जुने घर सोडण्यापूर्वी नव्या घराचा करारनामा हाती असावा, एवढेच त्याचे म्हणणे होते. सभागृह त्याच्या विरुद्ध गेले आणि लोकप्रियतेचीही त्याला किंमत मोजावी लागली. हा प्रसंग नीट लक्षात ठेव, कारण १७७६ सालचे त्याचे भाषण याच प्रश्नाचे मोठे रूप आहे.

१७६५ साली कागदपत्रांवर कर लावणाऱ्या मुद्रांक कायद्याविरुद्ध नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, तेव्हा त्यांच्या ठरावांचा मसुदा त्यानेच प्रामुख्याने तयार केला. तो कायदा पुढच्या वर्षी रद्द झाला आणि लोक निवांत झाले. मग १७६७ मध्ये चार्ल्स टाउनशेंड या अर्थमंत्र्याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांच्या आयातीवर जकात बसवली. ही चाल धूर्त होती. वसाहतींच्या अंतर्गत व्यवहारांवरचा कर तुम्हाला नको होता ना, मग हा तर बंदरावरचा, व्यापारावरचा कर आहे, आणि व्यापाराचे नियमन करण्याचा पार्लमेंटचा अधिकार तुम्हीच आजवर मानत आलात, असा त्यामागचा युक्तिवाद होता. रक्कमही लहान होती. अनेकांना याला उत्तर सुचेना.

उत्तर डिकिन्सनने दिले. २ डिसेंबर १७६७ पासून 'पेनसिल्व्हेनियातील एका शेतकऱ्याची पत्रे' या नावाने त्याची बारा पत्रे वृत्तपत्रांतून येऊ लागली. लेखकाचे नाव नव्हते. डेलावेअर नदीकाठी राहणारा, थोडी जमीन, थोडे नोकर, थोडा व्याजी लावलेला पैसा आणि भरपूर पुस्तके असलेला एक शेतकरी बोलतो आहे, अशी योजना होती. वसाहतींतल्या बहुतेक सर्व इंग्रजी वृत्तपत्रांनी ती पत्रे छापली, पुस्तिका निघाल्या, लंडनच्या आवृत्तीला खुद्द फ्रँकलिनने प्रस्तावना लिहिली, फ्रेंच भाषांतर झाले, आणि बोस्टनच्या नगरसभेने या अनाम शेतकऱ्याचे जाहीर आभार मानण्याचा ठराव केला.

त्या पत्रांची ताकद कशात आहे, हे तुला वेगळे सांगायला नको, कारण ती वकिलाच्या नजरेत आहे. कर आतला की बाहेरचा, हा वादच त्याने बाजूला सारला आणि कर बसवण्याचा हेतू पाहिला. साम्राज्याच्या व्यापाराला वळण लावण्यासाठी बसवलेली जकात ही एक गोष्ट आणि खजिना भरण्यासाठी बसवलेली जकात ही अगदी दुसरी गोष्ट. दुसऱ्या प्रकारात आमच्या संमतीवाचून आमचा पैसा घेतला जातो, आणि ज्याचा पैसा त्याच्या संमतीवाचून घेता येतो तो माणूस स्वतंत्र राहत नाही. रक्कम लहान आहे या बचावाला तर त्याने उलटवून टाकले: रक्कम लहान आहे म्हणूनच ती घातक आहे, कारण लहान रकमेला कोणी हरकत घेत नाही आणि एकदा दाखला पडला की पुढे त्याच दाखल्यावर कितीही मोठी रक्कम वसूल करता येते. आणि तो पहिल्या पत्रात जकातीवर बोलतच नाही! सैन्याला सामानसुमान पुरवण्याच्या कायद्याचे पूर्ण पालन केले नाही म्हणून न्यूयॉर्कच्या विधिमंडळाचे अधिकार पार्लमेंटने स्थगित करायचे ठरवले होते. त्याकडे बाकीच्या वसाहतींनी दुर्लक्ष केले याचे त्याला वाईट वाटते, आणि एका वसाहतीवर झालेला घाव सर्वांवर झालेला आहे, हे तो आधी पटवून देतो. बंडाची भाषा त्यात कुठेही नाही. आधी अर्ज करा, मग इंग्रजी मालावर बहिष्कार घाला, आणि सगळे उपाय थकल्यावरच बळाचा विचार करा. स्वातंत्र्याचे कार्य इतके थोर आहे की दंगलीने आणि गोंधळाने त्याला डाग लागू देऊ नये, असे तो तिसऱ्या पत्रात बजावतो.

आता थोडे विषयांतर करतो, पण ते तुला आवडेल. १७७३ च्या नोव्हेंबरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेत येणार म्हणून खळबळ माजली, तेव्हा डिकिन्सनने 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्र छापले. त्यात तो बंगालच्या दुष्काळाबद्दल लिहितो. पंधरा लाख माणसे एका वर्षात उपासमारीने मेली असे म्हणतात, आणि ती जमिनीने पीक दिले नाही म्हणून मेली नाहीत, तर कंपनीने व तिच्या नोकरांनी जीवनावश्यक माल अडवून त्याचे भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर नेले म्हणून मेली, असा आरोप तो करतो आणि विचारतो की हीच कंपनी आता आमच्या दारात येते आहे, तिला आम्ही आत घ्यावे काय? त्यानंतर साधारण वर्षभरानेच, डिसेंबर १७७४ मध्ये, याच कंपनीच्या मुंबईच्या सैन्याने मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. फिलाडेल्फियात बसलेल्या एका वकिलाला बंगालमधल्या प्रेतांचा हिशोब मागावासा वाटला, हे वाचताना माझे मन भरून आले.

यानंतरचा काळ घाईचा आहे. १७७४ च्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेत, राजाला पाठवलेल्या अर्जाला अखेरचे रूप त्यानेच दिले. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळीबार झाला, जूनमध्ये बंकर हिलची लढाई झाली, आणि जुलैच्या एकाच आठवड्यात काँग्रेसने त्याच्या हातची दोन लिखाणे मंजूर केली. एकात शस्त्र उचलण्याची कारणे जगापुढे मांडली होती. त्याचा आधीचा मसुदा जेफरसनचा होता आणि डिकिन्सनने तो पुन्हा लिहून काढला. दुसरे लिखाण म्हणजे समेटासाठी राजाला केलेला शेवटचा विनंतिअर्ज. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात अर्ज, हे अनेकांना हास्यास्पद वाटले. स्वातंत्र्याची घाई असलेल्या जॉन अॅडम्स या प्रतिनिधीने एका खासगी पत्रात त्याला अफाट संपत्तीचा आणि क्षुल्लक बुद्धीचा माणूस म्हटले. ते पत्र इंग्रजांच्या हाती लागले आणि त्यांनी ते छापून टाकले. सप्टेंबरात चेस्टनट रस्त्यावर दोघे समोरासमोर आले. अॅडम्सने हॅट काढून अभिवादन केले, पण डिकिन्सन कोपराला कोपर लागेल इतक्या जवळून मान न हलवता निघून गेला. अॅडम्सनेच हे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. राजाने तो अर्ज स्वीकारलाही नाही. ऑगस्टमध्येच त्याने वसाहतींना बंडखोर ठरवून टाकले होते.

अर्ज फसला तरी तो व्यर्थ गेला असे मला वाटत नाही. समेटाचा शेवटचा मार्ग राजाने बंद केला, आपण नव्हे, हे पेनसिल्व्हेनियातल्या आणि न्यूयॉर्कमधल्या काठावरच्या हजारो माणसांना त्यामुळेच कळले. अॅडम्सची घाई न्याय्य होती. पण ती पचवण्यासाठी लोकांना जो वेळ हवा होता, तो डिकिन्सनने मिळवून दिला.

आणि मग १ जुलै १७७६. काँग्रेसपुढे स्वातंत्र्याचा ठराव होता. डिकिन्सन बोलायला उठला तेव्हा त्याने सुरुवातीलाच सांगितले की आजच्या वागण्याने माझ्या उरल्यासुरल्या लोकप्रियतेवर शेवटचा घाव बसणार आहे, हे मी जाणतो. त्या भाषणाची त्याची टिपणे उपलब्ध आहेत. स्वातंत्र्य नको, असे तो त्यांत म्हणत नाही. फ्रान्सशी अजून करार झालेला नाही. तेरा वसाहतींना बांधणारा राज्यसंघाचा करार अजून झालेला नाही. पश्चिमेकडच्या जमिनींवरून आणि सीमांवरून आपसांत भांडणे आहेत. अशा स्थितीत जाहीरनामा काढणे म्हणजे कागदाच्या होडीत बसून वादळाला तोंड देणे होय, असे तो म्हणाला. आठवते ना, १७६४ साली त्याने हेच विचारले होते? आणि तो बाहेर बसून टीका करत नव्हता. राज्यसंघाच्या त्या कराराचा मसुदा त्या वेळी तोच लिहीत होता. १२ जुलैला तो काँग्रेसपुढे आला. त्याच्या मूळ मसुद्यात धार्मिक मतांसाठी कोणाही व्यक्तीला त्रास दिला जाऊ नये असे कलम होते आणि त्यात त्याने पुरुषाबरोबर स्त्रीचाही स्पष्ट उल्लेख केला होता. ते कलम पुढे वगळले गेले.

१ जुलैच्या अंदाजी मतदानात पेनसिल्व्हेनिया ठरावाच्या विरुद्ध गेले. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, खरे मतदान होते. डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस हे दोघे त्या दिवशी आपल्या जागेवर बसले नाहीत. उरलेल्या पाच जणांत फ्रँकलिन, मॉर्टन आणि विल्सन हे बाजूने, विलिंग आणि हम्फ्रीज हे विरुद्ध, आणि तीन विरुद्ध दोन अशा मतांनी पेनसिल्व्हेनियाने स्वातंत्र्याला कौल दिला. हे दोघे आत बसले असते आणि त्यांनी आपल्या मताप्रमाणे हात वर केला असता, तर निकाल चार विरुद्ध तीन असा उलटा लागला असता. म्हणजे आपले म्हणणे पूर्ण सांगून झाल्यावर, ते पडले आहे हे पाहून, त्याने वाट मोकळी करून दिली. आणि जे मनाला पटत नव्हते त्याला पाठिंब्याचे मतही दिले नाही. दुसरा एखादा मनुष्य मत देऊन टाळ्या घेता, किंवा अडून बसून सगळे मोडता.

त्यानंतर काही दिवसांत तो फिलाडेल्फियाच्या मिलिशियाच्या, म्हणजे नागरिकांच्या सेनेच्या, पलटणीचा कर्नल म्हणून न्यू जर्सीत एलिझाबेथटाउनला गेला, आणि तो तिकडे असतानाच पेनसिल्व्हेनियाने त्याला वगळून काँग्रेसचे नवे प्रतिनिधी निवडले. पुढे कर्नलपदाचाही त्याने राजीनामा दिला, आणि १७७७ च्या उन्हाळ्यात इंग्रज सैन्य चालून आले तेव्हा हा चव्वेचाळीस वर्षांचा, देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांपैकी एक असलेला वकील डेलावेअरच्या मिलिशियात साधा शिपाई म्हणून दाखल झाला. त्याच वर्षी इंग्रजांनी फिलाडेल्फियाजवळचे त्याच्या सासरचे फेअरहिल हे घर जाळले. ज्या जाहीरनाम्याला त्याने विरोध केला, त्याच जाहीरनाम्यासाठी त्याने हे सोसले. भित्रा म्हणताना हे वर्ष डोळ्यांपुढे ठेव.

गुलामांविषयी लिहायचे राहिले होते. संमतीवाचून पैसा घेतला तर माणूस स्वतंत्र राहत नाही, असे लिहिणाऱ्या या माणसाच्या शेतात त्या वेळी संमतीवाचून माणसे राबत होती. ही गोष्ट त्याच्या पक्षात कितीही बोललो तरी पुसता येत नाही आणि मला पुसायचीही नाही. १७७७ मध्ये त्याने आपल्या गुलामांना मुक्तिपत्रे दिली, परंतु त्यांत पुढची अनेक वर्षे सेवा करण्याची अट होती. १७८६ मध्ये त्याने सर्वांना बिनशर्त मुक्त केले. इतर अनेक नेत्यांनी एवढेही केले नाही, हे खरे. परंतु त्या नऊ वर्षांचे ओझे त्या माणसांनी वाहिले, हेही तितकेच खरे. १७८७ च्या राज्यघटना परिषदेत मात्र तो या बाबतीत स्वच्छ बोलला. गुलामांची आयात चालू ठेवण्याची मुभा राज्यांना देणे प्रतिष्ठेच्या आणि सुरक्षिततेच्या कोणत्याही तत्त्वावर मान्य करता येणार नाही, असे त्याने २२ ऑगस्टला सांगितले.

त्या परिषदेला तो डेलावेअरचा प्रतिनिधी म्हणून आला होता. मधल्या काळात त्याने डेलावेअर आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांचे अध्यक्षपद भूषवले, काही महिने तर एकाच वेळी. परिषदेत त्याचे मोठे काम सिनेटविषयीचे आहे. निदान एका सभागृहात तरी प्रत्येक राज्याला समान मत असावे, ही वाट त्याने २ जूनलाच सुचवली होती. परिषद त्यावर सहा आठवडे भांडली आणि अखेर तिथेच आली. राज्ये ही ग्रहांसारखी असून त्यांना आपापल्या कक्षेत मोकळे फिरू द्यावे, असे तो म्हणाला. सिनेटचे सदस्य राज्यांच्या विधिमंडळांनी निवडावेत हा त्याचा प्रस्ताव ७ जूनला मंजूर झाला आणि ती पद्धत विसाव्या शतकापर्यंत चालली. सप्टेंबरात तो आजारी पडून घरी गेला, तेव्हा त्याने सहकारी जॉर्ज रीड याला आपल्या वतीने सही करायला सांगितले. जाहीरनाम्यावर न दिलेली सही राज्यघटनेवर अशी आली, दुसऱ्याच्या हाताने. पुढे १७८८ मध्ये 'फेबियस' या नावाने नऊ पत्रे लिहून त्याने या राज्यघटनेची बाजू जनतेपुढे मांडली.

१४ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्मिंग्टनला त्याचे निधन झाले. तेव्हा जेफरसन, म्हणजे त्या जाहीरनाम्याचा लेखक, देशाचा अध्यक्ष होता. याच्याइतका आदरणीय मनुष्य आणि खरा देशभक्त आपल्यातून जाणे ही मोठी हानी आहे आणि क्रांतीच्या थोर पुरुषांत त्याचे नाव राहील, असे त्याने मृत्यूची वार्ता कळवणाऱ्याला लिहिले.

एका प्रसंगावर तुझे मत मला हवे आहे, कारण त्यावर माझे मन अजून दोन्हीकडे झुकते. जून १७८३ मध्ये पगार थकलेल्या सुमारे चारशे सैनिकांनी फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीला, वेढा घातला. आत काँग्रेस बसली होती. काँग्रेसचा सदस्य अलेक्झांडर हॅमिल्टन याने पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष असलेल्या डिकिन्सनला मिलिशिया बोलावण्याची मागणी केली. प्रत्यक्ष हिंसा झालेली नाही आणि आपल्याच सैनिकांवर मिलिशिया चालून जाईल याचा भरवसा नाही, म्हणून त्याने ती मागणी मान्य केली नाही. काँग्रेस चिडून प्रिन्स्टनला निघून गेली, आणि पुढे राजधानीचा प्रदेश कोणत्याही राज्याच्या ताब्याबाहेर ठेवण्याचे कलम राज्यघटनेत आले त्यामागे याच दिवसाची आठवण होती. रक्त सांडले नाही, हे त्याचे यश मानायचे, की काँग्रेसला संरक्षण देणे हे त्याचे कर्तव्य होते आणि तो ते चुकला, असे मानायचे? तू न्यायाधीशाच्या जागी असतास तर काय निकाल दिला असतास, ते कारणांसह लिही.

घरातील सर्वांना नमस्कार.

तुझा स्नेही